मदत हवी आहे: अंदमानात घुबडाचा आवाज रेकॉर्ड करायचा आहे, माइक कसा जपावा?

नागपूरहून चौघे डिसेंबरमध्ये अंदमानला जातोय. पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूला अंदमान स्कॉप्स घुबडाचा आवाज टिपायचा आहे. जेमतेम १९ सेंमीचा पक्षी, आपल्या पिंगळ्याहूनही लहान, आणि फक्त त्याच बेटांवर सापडणारा. तिथे पाचलाच सूर्य मावळतो, साडेपाचला बॅटरी लागते, म्हणजे वेळ भरपूर.

अडचण दमटपणाची. कंडेन्सर माइक एसी खोलीतून थेट बाहेर काढला की त्याच्या आतल्या पातळ पडद्यावर दव धरतं आणि चरचर येते. नागपुरातल्या सेमिनरी हिल्स टेकडीवर चाचणी घेऊन याचा काही पत्ता लागत नाही, इथली हवा डिसेंबरात कोरडी खडंग. माइक पिशवीतच ठेवून अर्धा तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायचा, रात्री हवाबंद डब्यात ओल शोषणारं ५० ग्रॅम सिलिका जेल, एवढं ठरलंय. पुरेल का?

दुसरं, लो-कट (ठरावीक पट्टीखालचा आवाज गाळणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवावा की २००वर? किड्यांची किरकिर वरच्या पट्टीत असते, ती नंतर काढता येते. लाटांचा घोंगाट मात्र घुबडाच्या हुंकारात मिसळतो.

प्लेबॅक, म्हणजे घुबडाला बोलवायला त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज, वाजवणार नाही, तो सल्ला नको. तिथे रेकॉर्डिंग केलेल्यांनी कृपया सांगा.