सोलरची वीज गाडीत साठवा आणि कनेक्शन कापून टाका? जरा थांबा, भाऊ

तापीकाठ (जळगाव)
परवा कॉलनीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'छतावर ३ किलोवॉट सोलर टाका, दारात इलेक्ट्रिक गाडी उभी करा. दिवसा गाडीत वीज भरा, रात्री तीच घराला द्या आणि वीज कंपनीचं कनेक्शन कापून टाका.' खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. माझा मेहुणा तर गाडी बुक करायला निघाला, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे ३ किलोवॉटच आहे. सूर्यघर योजनेतून ७८,००० सबसिडी मिळाली, दिवसाला साधारण १२ युनिट येतात, बिल जवळपास संपलं. सोलरच्या विरोधात मी नाहीच. पण गाडी सकाळी नऊला माझ्याबरोबर एमआयडीसीत जाते आणि सातला घरी येते. ऊन असतं तेव्हा गाडी नाही, गाडी असते तेव्हा ऊन नाही. शिवाय दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारं नेट मीटर असताना दुपारी ग्रीडला, म्हणजे कंपनीच्या लाइनला, दिलेलं युनिट रात्री वापरात वळतं होतं. तेच गाडीत भरून परत काढलं तर १० चे जेमतेम ८ हाती लागतात. मग हा उपद्व्याप कशाला?

आणि विकणारे सांगत नाहीत ती गोष्ट: लाइट गेली की ऑन-ग्रिड सोलरही बंद पडतं. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली, वर डोळे दिपवणारं ऊन, आणि जिन्यातल्या इन्व्हर्टरवर लाल दिवा. बायको म्हणाली, "एवढं ऊन आहे तर पंखा का बंद?" बंद पडलेल्या लाइनमध्ये आपली वीज जाऊन कुणी मरू नये म्हणून तो इन्व्हर्टर मुद्दाम तसाच बनवलेला असतो. कनेक्शन कापलं की हे सोलर कायमचं झोपलं. लाइनशिवाय बॅटरीवर चालायला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, तो वेगळा खर्च. आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्या अख्ख्या घराला वीज देत नाहीत. फार तर एक प्लग देतात.

केळीवाला (रावेर)
त्या एका प्लगची किंमत तुम्हाला माहीत नाही भाऊ, कारण तुमच्याकडे वादळ येत नाही. गेल्या जूनमध्ये अर्धा बाग आडवा झाला, खांब पडले, दोन दिवस लाइट नाही. आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये. माझ्या इलेक्ट्रिक नेक्सॉनला कंपनीने दिलेला अडॅप्टर लावला आणि फ्रिज, एक कूलर, दोन पंखे, चार दिवे दोन रात्री चालवले. बॅटरी ८७ टक्क्यांवरून ६१ वर आली, बस. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १.८ युनिट. माझी गाडी ४५ युनिटची, म्हणजे तशा २५ बॅटऱ्या दारात उभ्या. तुम्ही एमआयडीसीचा हिशेब करा, आम्ही आईचा करतो.

खांबावरचा (भुसावळ)
केळीवाले, एकच विचारतो. घरात वीज घातली कशी?

केळीवाला (रावेर)
दोन्हीकडे पिन असलेली वायर करून हॉलच्या सॉकेटात खुपसली. मेन स्विच पाडला होता आधी.

खांबावरचा (भुसावळ)
हेच वाटलं होतं. ती वायर आजच्या आज कापून टाका. तीस वर्षं खांबावर काढली आहेत, ऐका. मेन स्विच पाडायचा विसरला, किंवा पोराने 'लाइट आली का बघू' म्हणून वर केला, तर तुमची वीज उलटी डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) जाते आणि तिथून पुढे ११ हजार व्होल्ट होते. वर माझ्यासारखा कुणी तार ओढत असतो, त्याला वाटतं लाइन मेलेली आहे. आमच्या एका हेल्परला असाच कुणाच्या तरी जनरेटरचा करंट बसला. अर्थिंग केलेलं नव्हतं, ती आमची चूक. पण जनरेटर सॉकेटात घालणाऱ्याचीही चूक होतीच. जीव वाचला, उजवा हात गेला. आज तो डाव्या हाताने जेवतो. आणि त्या वायरची दुसरी पिन उघडी असते, त्यात ३३०० वॉटची ताकद. लहान मुलाचा हात लागला तर? चेंजओव्हर स्विच लावा, म्हणजे एका वेळी लाइन किंवा गाडी एकच जोडली जाते. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा. नाहीतर साधा एक्स्टेन्शन बोर्ड ओढा आणि फ्रिज थेट त्यावर लावा.

केळीवाला (रावेर)
ओरडायची गरज नव्हती. त्या रात्री कोण वायरमन येणार होता? पण हेल्परचं वाचून पोटात कालवलं. वायर कापतो.

माहेर चोपडा (सध्या धुळे)
तुम्ही सगळे वीज साठवायचं बोलताय, छत कुणाचं गेलं ते कुणीच बोलत नाही. ३ किलोवॉटला जवळपास ३०० चौरस फूट लागतात. आमची सगळी गच्ची गेली. पॅनल गुडघ्याएवढ्या उंचीवर, खालून झाडूही फिरत नाही. चैत्रात मी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, कुठे घालायचे? ज्वारी तीन दिवस भिजवायची, कांडायची, लसूण-मिरची-तीळ घालून घाटा शिजवायचा, पहाटे ओल्या धोतरावर थापायचा, आणि ऊन चढेपर्यंत ओळी पूर्ण करायच्या. दुपारी कापड उलटं करून पाणी शिंपडलं की बिबडा सुटतो. यंदा जावेच्या गच्चीवर जाऊन घातले, तेही तिचे झाल्यावर. आणि उन्हाळ्यात वर झोपायचं तेही गेलं.

साक्रीकर
ताई, विषय गाडीचा आहे.

माहेर चोपडा (सध्या धुळे)
वीज माझ्या गच्चीवर तयार होते, म्हणून विषय माझाही आहे. घरात येऊन माप घेणाऱ्याने मला विचारलंच नाही. ह्यांना विचारलं, आणि हे 'हो' म्हणाले.

साक्रीकर
मग आठ फूट उंच स्ट्रक्चर मागायचं. पैसे जास्त लागतात, पण खाली सावली होते, खालची खोलीही थंड राहते.

केळीवाला (रावेर)
आठ फुटावर पॅनल म्हणजे वादळाला शीड. आमच्या गल्लीत एकाचं स्ट्रक्चर स्लॅबच्या बोल्टसकट उपटलं, दोन घरं सोडून पडलं.

साक्रीकर
बोल्ट कुणी मारले होते ते सांगा. स्लॅबला चार भोकं पाडून कुणी उंच स्ट्रक्चर उभं करतं का? कॉलमवरून उचलायचं असतं. आमच्या तालुक्यात पवनचक्क्या आहेत, वारं आम्हाला शिकवू नका.

माहेर चोपडा (सध्या धुळे)
म्हणजे सावली मिळेल. आणि बिबड्यांना ऊन लागतं हो! आठ फुटाखाली वाळतील का ते?

खांबावरचा (भुसावळ)
दक्षिणेकडची पट्टी मोकळी सोडायला सांगायची, तिथे दिवसभर ऊन राहतं. आमच्या घरी असंच केलंय. मंडळींनी आधी खडूने जागा आखली, मग पॅनल आले.

निवृत्त मास्तर (शहादा)
तापीकाठ, तुमचा 'गाडी घरी नसते' हा मुद्दा नोकरदारांचा आहे. माझी गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर निघते. मी ११ ते ३ दरम्यान १५ अँपिअरच्या प्लगवर लावतो, सोलरची वीज सरळ गाडीत. वर्षभर साचलेले युनिट ३१ मार्चला कमी दराने हिशेबात निघतात. ते तसे जाऊ देण्यापेक्षा धुळ्याला लेकीकडे जाणं बरं. घराला उलटी वीज देणंही स्वप्न नाही. निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीवर जपानमध्ये २०१२ मध्येच ते सुरू झालं, २०११ च्या भूकंपानंतर. पण त्याला दोन्ही बाजूंनी चालणारा चार्जर लागतो. तो आपल्या गावात मागून मिळत नाही, हे तुमचं बरोबर.

तापीकाठ (जळगाव)
मास्तर, तुमच्यासारख्याला जमतं, मान्य. मार्चअखेरचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. माझेही गेल्या वर्षी दोनशेच्या वर युनिट असेच गेले. पण मी मेहुण्याला हेच सांगणार: गाडी चालवायची असेल तर घे, घरासाठी बॅटरी म्हणून नको. १५ लाखांची बॅटरी दारात उभी करून तिला ४५ डिग्रीत पत्र्याखाली भाजायचं, आणि वर्षातून दोन रात्री कूलर चालवायचा, हे मला पटत नाही.

केळीवाला (रावेर)
त्या दोन रात्री तुमच्या घरात आल्या नाहीत म्हणून पटत नाही. कनेक्शन कापू नये, एवढं तुमचं घेतलं. बाकी नाही.

खांबावरचे दादा, चेंजओव्हर स्विच आणला. ६३ अँपिअरचा दिलाय दुकानदाराने. चालेल का? रविवारी बसवायचा आहे, आकाश भरून येतंय.

खांबावरचा (भुसावळ)
चालेल. गाडीच्या बाजूला १६ अँपिअरचा एमसीबी टाका आणि करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी विसरू नका. फ्रिज, दोन पंखे, दिवे एवढंच त्या लाइनवर काढा, गिझर आणि मोटार नको. बोर्डाचा फोटो आधी इथे टाका. मी बघून सांगेपर्यंत गाडी जोडू नका.