रिगनर यांची तार ते युद्ध निर्वासित मंडळ : मधले सतरा महिने

प्रश्न
जागतिक ज्यू काँग्रेसचे जिनिव्हातील प्रतिनिधी गेरहार्ट रिगनर यांनी ८ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकी व ब्रिटिश वकिलातींमार्फत तार पाठवून, युरोपातील ज्यूंचा समूळ संहार करण्याच्या योजनेची बातमी दिली. नाझींच्या तावडीतून ज्यूंना वाचवण्यासाठीचे युद्ध निर्वासित मंडळ अमेरिकेने मात्र २२ जानेवारी १९४४ रोजी स्थापन केले. मधल्या काळात अमेरिकेतील ज्यू संघटना गप्प होत्या, असे वारंवार वाचनात येते. ते कितपत खरे मानावे?

उत्तर १
हा आरोप अन्यायाचा आहे. ती तार अमेरिकेतील ज्यू नेते रब्बी (धर्मगुरू) स्टीफन वाइज यांच्यासाठी होती; अमेरिकी परराष्ट्र खात्याने ती त्यांना दिलीच नाही, आणि ब्रिटिश खासदार सिडनी सिल्व्हरमन यांच्यामुळे महिनाअखेरीस त्यांना मजकूर कळला. पुढे खातरजमा होईपर्यंत वाच्यता करू नये, ही परराष्ट्र खात्याचे उपमंत्री समनर वेल्स यांची विनंती वाइज यांनी पाळली आणि २४ नोव्हेंबरला पत्रकारांना बोलावून वीस लाख ज्यू मारले गेल्याचे सांगितले. दोष द्यायचाच तर त्या तीन महिन्यांचा द्यावा, तोही जपून. कारण ज्या सरकारकडे मदत मागायची त्यालाच दुखावणे त्यांना परवडणारे नव्हते.

उत्तर २
वाइज यांच्याविषयी आपण फार सौम्य लिहिले आहे. पॅलेस्टाइनहून आलेले हिलेल कूक, म्हणजे पीटर बर्गसन, यांच्या गटाने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि ६ ऑक्टोबर १९४३ रोजी सुमारे ४०० रब्बींचा मोर्चा वॉशिंग्टनला नेला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांची भेट टाळली, हे समजण्यासारखे आहे. पण वाइज यांनीही या गटाला विरोधच केला.

उत्तर ३
दोन्ही उत्तरांत खरी अडवणूक सुटली आहे, असे माझे मत आहे. रोमानिया व फ्रान्समधील ज्यूंच्या सुटकेसाठी पैसे पाठवण्याची रिगनर यांची योजना अर्थ खात्याने जुलै १९४३ मध्ये मान्य केली होती, तरी परवाना हाती पडायला डिसेंबर उजाडला. परराष्ट्र खात्याची ही टाळाटाळ अर्थ खात्यातील अधिकारी जोसाया डुबॉइस यांनी कागदोपत्री उघड केली आणि अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थाऊ यांनी १६ जानेवारी १९४४ ला ती रूझवेल्ट यांच्यापुढे ठेवली; सहा दिवसांत मंडळ स्थापन झाले. डुबॉइस ज्यू नव्हते, मॉर्गेन्थाऊ होते. बाहेरच्या मोर्चांनी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, दडपण आणले नसते तर हे टिपण फायलीत राहिले असते, हे मात्र उत्तर २ च्या बाजूने मान्य करावे लागेल.

मंडळाच्या कामाचा बहुतेक खर्च सरकारने नव्हे, तर जॉइंट या ज्यू मदतसंस्थेने व इतर ज्यू संघटनांनी उचलला. मंडळाच्याच पाठिंब्याने स्वीडिश राजनैतिक अधिकारी राउल वॉलेनबर्ग ९ जुलै १९४४ रोजी बुडापेस्टला पोहोचले. तोवर हंगेरीच्या प्रांतांतून सुमारे ४ लाख ४० हजार ज्यूंची, बहुतांश ऑशविट्झच्या मृत्युछावणीत, रवानगी होऊन गेली होती; राजधानीतले मात्र अजून वाचवता येण्याजोगे होते.