अल्जिनेटच्या मण्यांत पपेन टिकत नाही, काय चुकतंय?

तापीकाठची:

नमस्कार. मी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला पपेन घेतलंय, म्हणजे पपईच्या चिकातलं प्रोटीन तोडणारं एन्झाइम. ते जेलच्या मण्यांत कोंडून पुन्हा पुन्हा वापरायचंय. शहाद्याजवळ आमची पपईची बाग आहे, त्यामुळे चीक घरचाच. सकाळी सातच्या आत कच्च्या फळाला स्टीलच्या ब्लेडने उभ्या चिरा द्यायच्या आणि खाली काचेची वाटी धरायची. पहिल्या दिवशी हातमोजे घातले नव्हते, बोटांची सालं निघाली.

चीक गाळून, साफ करून ३ टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातला पदार्थ, कॅल्शियम भेटलं की जेल होतो) मिसळला आणि सिरिंजने ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराईडमध्ये थेंब थेंब सोडला. मणी छान झाले, भिजलेल्या साबुदाण्यासारखे, सगळे एकसारखे. अर्धा तास ठेवून दोनदा धुतले. मग ॲसे केला, म्हणजे एन्झाइम किती काम करतं ते मोजलं: फॉस्फेट बफर पीएच ७, सिस्टीन (पपेन चालू ठेवायला), ईडीटीए, केसिन (पपेनने तोडायचं दुधातलं प्रोटीन), ३७ अंश.

मोकळ्या पपेनच्या मानाने मण्यांची ॲक्टिव्हिटी दहावा हिस्साही येत नाही. तेच मणी दुसऱ्यांदा वापरायला घेतले तर फुगून गिळगिळीत झालेले आणि बफर गढूळ. तिसऱ्या वेळी नळीत मणीच नव्हते. गाईड सर म्हणतात अल्जिनेट वाढव. ४ टक्के केलं तर सुईतून उतरेना. पुढच्या महिन्यात प्रेझेंटेशन आहे. कुणी हे केलंय का?

रसायनवेडा:

कॅल्शियममध्ये रात्रभर ठेवून बघा, मणी कडक होतील. आम्ही यीस्टचे मणी केले होते, साखरेच्या पाण्यात आठवडाभर टिकले.

काचसामान:

तापीकाठची, आधी एक सांग. मणी गाळून घेतल्यावर उरलेलं कॅल्शियम क्लोराईड कुठे गेलं? सिंकमध्ये ओतलं असशील. मी पुण्यात एन्झाइमच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं काढली, आणि सुरुवातीला मीही तेच करत होते. तुझं बरंचसं पपेन त्या पाण्याबरोबर गेलं असणार.

अल्जिनेटच्या साखळ्यांना कॅल्शियम एकमेकींशी बांधतं, मधल्या जागेत पाणी राहतं आणि भोकं राहतात. ही भोकं साधारण ५ ते २०० नॅनोमीटरची. पपेनचा रेणू लांबीला जेमतेम ५ नॅनोमीटर, वजन २३ किलोडाल्टन. गव्हाच्या चाळणीत रवा किती वेळ राहील? पीएच ७ला पपेनवर धन भार आणि अल्जिनेटवर ऋण, म्हणून थोडं चिकटून राहतं. पण ०.२ मोलर कॅल्शियममध्ये ती पकडही सैल पडते, आणि रात्रभर ठेवलंस तर गळायला आणखी वेळ मिळतो. रसायनवेडा, तुमचं यीस्ट टिकलं कारण यीस्टची पेशी पपेनच्या रेणूच्या हजारपट मोठी, ती जाळीतून निसटूच शकत नाही. पुस्तकातलं प्रॅक्टिकल पेशींचं असतं आणि आपण तेच जसंच्या तसं एन्झाइमला लावतो. खूप मुलं इथेच अडकतात.

मणी विरघळले ते ईडीटीएमुळे. पपेनच्या साखळीत २५व्या जागेवर सिस्टीन हे अमिनो आम्ल आहे, त्याला जड धातू लागला की एन्झाइम बंद पडतं. तो धातू पकडायला ॲसेत ईडीटीए घालतात. पण ईडीटीए तुझ्या जेलमधलं कॅल्शियमही ओढून घेतं, म्हणजे ज्या गाठींवर मणी उभा आहे त्याच सुटतात. फॉस्फेटही कॅल्शियम काढतं, बहुधा त्याचाच तो गढूळपणा. अल्जिनेट ४ टक्के केल्याने गळती थोडी मंदावेल, सरांचं तेवढं बरोबर आहे. विरघळणं मात्र थांबणार नाही.

आणि केसिन. याकडे कुणाचं लक्ष जात नाही म्हणून मुद्दाम सांगते. दुधातलं केसिन दीडशे नॅनोमीटरच्या आसपासच्या गोळ्यांत असतं, आणि कॅल्शियम भेटलं की केसिन आणखी गोळा होतं. ते मण्याच्या आत शिरणार कसं? बाहेरच्या सालीवरचं पपेन तेवढं काम करतं, आतलं उपाशी बसतं. म्हणजे आत शिल्लक असलेलं पपेनही तुझ्या रीडिंगमध्ये दिसत नाहीये. लहान सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) घे. बीएपीएनए हा लहान रेणू मिळाला तर उत्तम, डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचा, तो तुटल्यावर येणारा पिवळा रंग ४१० नॅनोमीटरला वाचायचा. बफर फॉस्फेटऐवजी ट्रिस, त्यात ५ ते १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराईड, ईडीटीए नाही. सिस्टीन त्याच दिवशी बनव, पाणी काचेच्या डिस्टिलेशनचं घे.

त्याआधी हिशेब मांड: किती प्रोटीन घातलं, कॅल्शियमच्या पाण्यात किती, पहिल्या धुण्यात किती, दुसऱ्या धुण्यात किती. ब्रॅडफर्ड (रंगावरून प्रोटीन मोजायची चाचणी) चालेल. ब्लँकला (शून्य धरायच्या नळीला) पपेन न घातलेल्या मण्यांचं पाणी वापर, कारण सुटं अल्जिनेट त्या आम्लात साकळतं आणि ५९५ नॅनोमीटरला खोटं रीडिंग येतं.

ब्रॅडफर्डला वेळ लागणार असेल तर आजच एवढं कर. साय काढलेल्या दुधाच्या दोन नळ्या ३७ अंशाला ठेव. एकीत मण्यांचं उरलेलं पाणी (त्यात पपेन असेल तर दूध साकळेल), दुसरीत तेवढंच नुसतं कॅल्शियम क्लोराईड. दुसरी नळी विसरू नकोस, कॅल्शियमनेही दूध लवकर साकळतं.

रसायनवेडा:

माझा सल्ला उलटाच होता तर. मग पपेनसारख्या लहान प्रोटीनला जेलमध्ये धरायचं तरी कसं?

काचसामान:

नुसतं कोंडून भागत नाही, जेलला बांधावं लागतं. १९६९ मध्ये जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीने अमिनोॲसायलेज हे एन्झाइम कारखान्यात वापरायला घेतलं, तेव्हा ते डीईएई-सेफाडेक्स या धन भाराच्या जेलवर भाराच्या ओढीनेच धरलं होतं. ॲक्टिव्हिटी उतरली की त्याच जेलवर नवं एन्झाइम चढवायचे. त्याआधी १९६७ मध्ये स्वीडनमध्ये ॲक्सेन, पोराथ आणि एर्नबॅक यांनी सायनोजेन ब्रोमाइडने ॲगरोज या जेलवर प्रोटीन पक्कं जोडायची रीत दिली. ते रसायन अतिशय विषारी आहे, कॉलेजात अजिबात हाताळू नका. तयार ॲक्टिव्हेटेड ॲगरोज विकत मिळतं, पण महाग.

तापीकाठचीला परवडेल ते कायटोसॅन, कोळंबीच्या टरफलांपासून बनवतात ते. सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवून सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये थेंब सोडायचे, की पांढरे मणी होतात. भरपूर धुवायचे, मग ग्लुटराल्डिहाइड (मणी आणि पपेन यांना जोडणारं रसायन), पुन्हा धुवायचं, मग पपेन. ग्लुटराल्डिहाइड १ टक्क्याच्या आत ठेव, नाहीतर एन्झाइम घट्ट बांधलं जातं पण काम करत नाही. हे फ्यूम हूडमध्येच. इथे कॅल्शियमच्या गाठी नाहीत, त्यामुळे ईडीटीए चालेल. फक्त मणी आम्लात नेऊ नकोस.

तापीकाठची:

ताई, सिंकमध्येच ओतत होते. काल नवी बॅच केली आणि पाणी बाटलीत जपून ठेवलं. दुधात घातलं तर सहा मिनिटांत नळी उलटी केली तरी दूध हलेना. नुसत्या कॅल्शियमची नळी अर्ध्या तासानेही पातळच. ब्रॅडफर्डही केलं. घातलेल्या प्रोटीनपैकी ५८ टक्के त्या पाण्यात, १४ टक्के पहिल्या धुण्यात, दुसऱ्यात जवळजवळ काही नाही.

सरांना दोन्ही नळ्या दाखवल्या. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, प्रेझेंटेशनमध्ये हा तक्ता आधी लाव. कायटोसॅन आमच्या स्टोअरमध्ये आहे, बाटली सीलबंद. ग्लुटराल्डिहाइडनंतर किती वेळा धुवायचं?

काचसामान:

धुतलेल्या पाण्याला वास येईनासा झाला तरी त्यावर विसंबू नकोस, आणि मुद्दाम हुंगूही नकोस. सहा-सात वेळा धू, मग उरलेल्या मोकळ्या जागा बुजवायला ग्लायसिनमध्ये तासभर ठेव. हो, पण ग्लायसिन पपेन चढवून झाल्यावर. आधी घातलंस तर पपेनला जागाच उरणार नाही.