आधी नट, मग जॅक

स्टिअरिंग पूर्ण वळवलं की डाव्या चाकातून कटकट येते म्हणताय, आणि चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे एक्सलच्या, जॉइंटवरचा रबरी बूटही (कव्हर) फाटलाय. मग नुसता बूट बदलून उपयोग नाही. ग्रीस उडून गेलं, माती आत शिरली, म्हणजे बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट खाल्लाच समजा. अख्खा एक्सलच घाला. (वळताना आवाज नाही, पण पिकअप घेताना गाडी थरथरते, असं असतं तर संशय आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर.)

मी माझ्या जुन्या हॅचबॅकला गेल्या पावसाळ्याआधी हे केलं. पहिली चूक: गाडी आधी जॅकवर घेतली. हबचा (चाकाच्या मधोमध एक्सलला धरणारा) नट सुटेना, चाक नुसतं फिरत राहिलं. चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, कुणीतरी ब्रेक दाबून बसलेलं असताना तो ढिला करायचा. त्याआधी नटाची एक्सलच्या खाचेत दाबलेली कड छिन्नीने उचलायला विसरू नका, नाहीतर आटे जातात. बसवताना नट नवाच, आणि टॉर्क (आवळायचा जोर) मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच.

एक्सल दांड्याला धरून ओढू नका, आतला जॉइंट तिथेच उकलतो. गिअरबॉक्सपाशी टॉमी (लोखंडी पहार) लावून हलका झटका द्या, खाली ट्रे ठेवा, गिअर ऑइल येणारच. तिथलं ऑइल अडवणारं सीलही तेव्हाच बदला, स्वस्त असतं. नवा एक्सल सर्क्लिपचा (त्याला आत अडकवून ठेवणाऱ्या रिंगचा) 'टक्' ऐकू येईपर्यंत ढकला, मग ऑइलची लेव्हल भरा.

आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, स्टँड लावा.