मदत हवी आहे: अपुऱ्या दिवसांची जुळी, पहिलीत घालावं की वर्षभर थांबावं?

मुलगा-मुलगी जुळी आहेत. तारीख फेब्रुवारीच्या मध्याची होती, झाली डिसेंबरच्या सुरुवातीला, तिसाव्या आठवड्यात. मुलगी १४०० ग्रॅमची, मुलगा ११०० चा. एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), ऑक्सिजन सगळं झालं. मुलाला आरओपीची (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) पहिली स्टेज होती, ती आपोआप बरी झाली. बेरा टेस्ट (ऐकण्याची तपासणी) दोघांची नॉर्मल. दोन वर्षांपर्यंत डॉक्टर मूळ तारखेपासून वय मोजायचे. त्या हिशेबाने दोघं वेळेवर बसली, चालली. मग डॉक्टर म्हणाले, आता जन्मतारीखच धरा.

आता तीच जन्मतारीख आडवी आलीय. शाळा ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होतात का एवढंच बघते, म्हणून येत्या जूनमध्ये पहिली. दिवस भरून झाली असती तर आरामात पुढच्या वर्षी गेली असती!

मुलीची काही काळजी नाही. मुलगा बोलायला तिच्यापेक्षा चुरचुरीत, सुखकर्ता दुःखहर्ता एका दमात म्हणतो. पण सापशिडीत फाशावर पाच पडले तरी दर वेळी टिंबांवर बोट ठेवून मोजतो. बहीण बघताक्षणी सांगते, मग हा चिडून पट उधळतो. चौकटीच्या वहीत आकडे चौकटीबाहेर, शर्टाची बटणं अजून मी लावते, वर्गात दहा मिनिटं बसवत नाही. सासूबाई म्हणतात, सातव्या महिन्याची पोरं चिवट असतात, होईल सगळं. नवऱ्याचं म्हणणं, घालायचं तर दोघांना एकत्रच. मला वाटतं दोघांनाही थांबवावं, पण मुलीचं वर्ष का घालवायचं? कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १
ताई, आमचा २९ आठवड्यांचा, आता सातवीत आहे. फाशाचं वाचून तोच डोळ्यांसमोर आला. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत बोलणं छान आणि गणित, लक्ष, हात-डोळ्यांचा मेळ मागे, असं बरेचदा दिसतं. आधी डोळे पुन्हा दाखवा. आरओपी बरी झाली तरी पुढे चष्मा किंवा तिरळेपणा येण्याची शक्यता जास्त असते, आणि या वयात पोरं ‘दिसत नाही’ असं सांगत नाहीत. आमच्याकडे निम्मी कटकट चष्म्याने गेली. मग जिल्हा रुग्णालयात डीईआयसी आहे का विचारा. मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं, सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं केंद्र आहे, मोफत. तिथे ऑक्युपेशनल थेरपी मिळाली तर बटणं, कात्री, पेन्सिल यावर काम होतं. शाळेचं नंतर ठरवा.

प्रतिसाद २
३१ डिसेंबरचा नियम किमान वयाचा आहे, त्या वर्षी घातलंच पाहिजे असं नाही. पण नुसतं थांबून गणित येत नाही, त्या वर्षात काय करणार ते आधी ठरवा. आणि एकाला मागे, एकीला पुढे हे घरात फार बोचतं. दोघांना पहिलीत घालून तुकड्या वेगळ्या मागा, तुलना निम्मी कमी होते. लर्निंग डिसॅबिलिटीचं आत्ता कोणी बोललं तर घाबरू नका, आठ वर्षांच्या आधी ते निदान करत नाहीत.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. डोळ्यांचं खरंच डोक्यात नव्हतं, तीन वर्षांचा असताना शेवटचे दाखवले होते. सोमवारी नंबर लावते. एकच विचारायचं राहिलं: थेरपिस्टचा रिपोर्ट प्रवेशाआधी शाळेत द्यावा, की बाईंशी ओळख झाल्यावर?