'निरीक्षे' म्हणजे आशा? मग आंधळा वाट कशी पाहणार?

खानापूरकर : नाताळाआधीचा, ख्रिस्ताची वाट पाहण्याचा आगमनकाळ सुरू झाला. आमच्याकडे मिस्सा (चर्चमधली उपासना) कधी मराठीतून, कधी कन्नडमधून. बायबलमध्ये १ करिंथ १३:१३ ला आपण 'विश्वास, आशा, प्रीती' वाचतो, कन्नडमध्ये 'नंबिके, निरीक्षे, प्रीती'. निरीक्षे ऐकलं की मला शाळा तपासायला आलेले साहेब आठवतात! हा आपल्या निरीक्षणातलाच शब्द का?

निपाणीकर : तोच. संस्कृत 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. प्रतीक्षा, अपेक्षा, परीक्षा, अगदी उपेक्षासुद्धा त्याच घरातली. मराठीनं निरीक्षण तपासणीला लावलं, कन्नडनं निरीक्षे वाट बघण्याला. आणि आपण तरी वेगळं काय करतो? बेळगावात विचारतात, 'कुणाची वाट बघूलास?' कन्नड शेजारी 'दारी नोडु' म्हणतो; दारी म्हणजे वाट, नोडु म्हणजे बघ.

खानापूरकर : मग आगमनकाळाच्या पहिल्या शुक्रवारच्या वाचनातले ते दोघे आंधळे (मत्तय ९:२७)? दिसत काही नाही, तरी दावीदपुत्राला, म्हणजे येशूला, हाका मारत मागोमाग निघालेत.

निपाणीकर : पौलाचं पत्र, रोमकरांस ८:२५ बघा. जे दिसत नाही त्याची आशा धरली तर आपण धीरानं वाट पाहतो, असं तो म्हणतो. 'दिसत नाही' आणि 'वाट पाहतो' एकाच वाक्यात! मूळ ग्रीक क्रियापदाच्या पोटात पाहणं नाहीच, स्वीकारणं आहे. 'पाहणं' मराठीनं आणलं. मला तर ते मुळाहून सरस वाटतं.

बेळगावकर : अशा वाचनांवरच्या प्रवचनात मला अडतं ते 'आध्यात्मिक अंधत्व' या शब्दापाशी. एक तर ऐकणाऱ्याला अंधश्रद्धा आठवते. दुसरं, आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या आजोबांना दिसत नाही. त्यांच्यासमोर आंधळेपण म्हणजे पाप असं कसं बोलायचं? योहान ९ मध्ये येशूच सांगतो की जन्मांधानं पाप केलं नाही, त्याच्या आईबापांनीही नाही. शिलोहच्या तळ्यात डोळे धुऊन तो डोळस होतो. 'आम्हांला दिसतं' म्हणणाऱ्या परूश्यांचं (कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांचं) पाप मात्र तसंच राहतं. त्यांच्यासाठी 'डोळे असून आंधळे' हा घरचा शब्द असताना ते जडजंबाल कशाला?

खानापूरकर : पटलं. रविवारी प्रवचनात तसंच म्हणतो. 'आशा' मात्र आशाच ठेवतो. 'निरीक्षा' म्हटलं तर पुढच्या बाकावरचे मास्तर दचकून हजेरीपट काढतील.