नागीनची बीन: शोध कुणाचा आणि कौतुक कुणाचं?

काळी चार:
सकाळपासून तीन ग्रुपवर एकच ढकलपत्र आलंय. 'जगातला पहिला सिंथेसायझर भारतीयाने बनवला! कल्याणजींनी १९५४ साली नागीन सिनेमातल्या बीनच्या, म्हणजे पुंगीच्या, आवाजासाठी क्लॅव्हिओलिनचा शोध लावला. अभिमान असेल तर पुढे पाठवा.' तिसऱ्यांदा आलं ते सख्ख्या मेहुण्याकडून. त्याला तिथेच उत्तर दिलं तर दिवाळीच्या फराळाला मुकेन, म्हणून इथे लिहितोय.

क्लॅव्हिओलिन हे विजेवर चालणारं वाद्य १९४७ साली फ्रान्समधल्या व्हर्सायच्या कॉन्स्तां मार्तां याने केलं. तीन सप्तकांचा छोटा कीबोर्ड, पियानोच्या कीबोर्डखाली अडकवता येणारा, आणि ॲम्प्लिफायर-स्पीकरचा खोका वेगळा. एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या दाबा नाहीतर दहा, सूर एकच येणार. आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा. इंग्लंडात सेल्मर कंपनीने, अमेरिकेत गिब्सन कंपनीने ते काढलं. नागीन आला तेव्हा हे पोर सात वर्षांचं झालं होतं! संगीत हेमंतकुमारांचं, क्लॅव्हिओलिनवर कल्याणजी, हार्मोनियमवर रवी. अफाट वाजवलंय, वाद नाही. पण वाजवणं म्हणजे शोध लावणं का?

गिरगावकर:
झालं, आमच्या माणसाचं कौतुक आलं की लगेच फ्रान्सचा पासपोर्ट दाखवायचा. कच्छमधून आलेल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, गिरगावात मराठी-गुजराती शेजारात वाढला, आणि कुणी तिकडून आणलेल्या खोक्यातून त्याने पुंगी काढली. तुमच्या मार्तांच्या स्वप्नात तरी पुंगी होती का? त्याला पियानोवाल्याच्या हाताशी व्हायोलिन-ट्रम्पेटची नक्कल द्यायची होती. वाद्यातून न ठरवलेला आवाज काढणं हा शोध नाही तर काय?

आमच्या चाळीतल्या प्रत्येक वरातीत, बँडवाल्याने क्लॅरिनेटवर ती धून धरली की अण्णा रुमालाचं एक टोक दातात धरून रस्त्यावर आडवे व्हायचे. एरवी बँकेत हेडकॅशियर! नव्या सफारीचे गुडघे फाटले तरी थांबले नाहीत. मार्तांच्या नावाने कोण आडवं झालंय?

सोल्डरिंगवाला:
दोघंही चूक. मार्तां तरी पहिला कुठे? मार्तनो हा दुसराच फ्रेंच माणूस, त्याचं विजेवरचं वाद्य १९२८ चं. जॉर्ज जेनीचं ओंदिओलिनही मार्तांच्या आधीचं, त्याचा कीबोर्ड स्प्रिंगवर, बोट आडवं हलवलं की सूर थरथरतो. हॅमंडचं नोव्हाकॉर्ड १९३९ चं, १६३ व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या), ७२ पट्ट्या, सगळ्या एकदम दाबल्या तरी वाजणार. आणि त्याही आधी थॅडियस केहिल, पेटंट १८९७ चं. त्याचं टेलहार्मोनियम सुमारे २०० टनांचं धूड, न्यूयॉर्कमध्ये १९०६ साली टेलिफोनच्या तारांवरून गिऱ्हाइकांना गाणं पुरवायचं. शेजारच्या तारेवर बोलणाऱ्यांच्या संभाषणात ते गाणं घुसायचं, लोक वैतागायचे. अर्थात त्यात फिरती चाकं होती, व्हॉल्व्ह नव्हते, म्हणजे काटेकोरपणे ते इलेक्ट्रॉनिक नाही. हे मीच सांगतो, कुणीतरी सांगणारच.

आवाज बीनसारखा का? गळ्यापेक्षा नाकातून जास्त येतो म्हणून. मूळ सुरात मिसळलेले वरचे स्वरांश भरपूर, वर व्हायब्रेटो म्हणजे सुराची थरथर, आणि एका वेळी एकच सूर, म्हणजे फुंकवाद्याचीच शिस्त. यात चमत्कार काही नाही.

एक माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. कागदी कपॅसिटर सगळे गळके. चालू केलं की तापेपर्यंत सूर सरकत राहायचा. मालकाचा तबलजी चाचणीला आला होता, हातोडी घेऊन तबला पुन्हा पुन्हा मिळवत बसला. शेवटी म्हणाला, "आधी याला काय ते ठरवू द्या, मग मला बोलवा."

खवट:
मुळात कुणाचाही शोध असो, पट्टीवाल्या वाद्यांनीच आपल्या गाण्याची वाट लावली. पट्टीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही; श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, येत नाहीत. पेटी, ऑर्गन, क्लॅव्हिओलिन, कॅसिओ, सगळी एका माळेचे मणी. रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली तेव्हा शहाणपण शिल्लक होतं. १९७१ साली उठवायला लागले आणि तेही गेलं.

भात्यावाला:
खवट, नाव सार्थ केलंत. बंदीच्या वेळी रेडिओवर लायनेल फील्डन साहेब होते. पेटीविरुद्ध लिहिणारे जॉन फोल्ड्स, तेही साहेब. म्हणजे आपल्या गाण्याला काय शोभतं हे साहेबांनी सांगायचं, आणि तुम्ही टाळ्या वाजवायच्या? गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकणाऱ्यांना जाऊन विचारा मींड नव्हती का. तुळशीदास बोरकर, आप्पा जळगावकर यांनी आयुष्यभर काय भाता हलवला नुसता?

माझे आजोबा कीर्तनाला साथ करायचे. एका शिमग्यात बुवांचा घसा बसलेला, सूर दर दोन मिनिटांनी उतरायचा. आजोबा डोळे मिटून षड्ज धरून बसले. बुवा घसरले की त्यावर येऊन टेकायचे. भैरवीनंतर बुवांनी पेटीला हात लावून नमस्कार केला, आजोबांना नाही. आजोबा ते आठवडाभर सांगत होते आणि रागावलेलेही होते.

खवट:
टागोरांनाही पेटी नको होती. तेही साहेब होते का?

भात्यावाला:
टागोर मान्य. त्यांना नको होती. पण त्यांच्या बंगालातच द्वारकानाथ घोषांनी ती मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवण्याजोगी केली. दबॅंने १८४२ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलेली हार्मोनियम पायाने चालायची. आपण तिला खाली बसवलं. नाट्यसंगीतातून ऑर्गन काढून टाका आणि तंबोऱ्यावर पदं म्हणून दाखवा, बघू किती प्रेक्षक उरतात.

खवट:
तुमची मींड कानाला फसवते, वाजत नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये रिकामी जागाच असते. तिथे काय वाजवणार, भक्तिभाव?

काळी चार:
खवट, तुमचंच वाक्य तुमच्या गळ्यात. क्लॅव्हिओलिन पट्टीवाला, दोन सुरांमध्ये तीच रिकामी जागा, तरी देशभर लोकांना बीन ऐकू येते आणि अण्णा आडवे होतात. मग मींड कुठून आली?

खवट:
बँडच्या धुनीवर लोळणाऱ्यांचा दाखला मला देऊ नका. लोळायला मींड लागत नाही, दुसरं काहीतरी लागतं, ते वरातीच्या मागच्या टेम्पोत असतं.

गिरगावकर:
अण्णा माळकरी होते. शब्द मागे घ्या.

खवट:
अण्णांपुरता घेतला. बाकीच्यांचा नाही.

न्यूजर्सीची मावशी:
भांडा सावकाश, पॉपकॉर्न घेऊन बसलेय. माझा नवरा अमेरिकन, त्याचा या घराण्यातल्या आवाजाशी परिचय वेगळ्या दाराने झालेला. १९६२ मधली 'टेलस्टार' ही धून, नव्या उपग्रहाच्या नावाची, ब्रिटन-अमेरिकेत दोन्हीकडे पहिल्या नंबरावर. त्याला तो आवाज ऐकला की अंतराळयान दिसतं. मी त्याला नागीन ऐकवला तर म्हणाला, "रॉकेटवर गाणं का बनवलं?" मी म्हटलं, साप आहे तो. आमच्याकडे अजून मिटलेलं नाही.

गिरगावकर:
बघा, हेच म्हणत होतो. खोका त्याच जातीचा, त्यांना रॉकेट आणि आपल्याला नाग. नाग कुणी बनवला?

काळी चार:
बरं बाबा. मार्तांचा खोका, कल्याणजींची बीन, आणि बीनचा निम्मा हक्क रवींच्या पेटीलाही द्या, तोपण लोक विसरतात. 'शोध' हा शब्द काढून 'करामत' घातलीत तर ढकलपत्रावर सही करतो. त्यापुढे एक अक्षर नाही.

गिरगावकर:
'करामत' चालेल. सही नको, तुमची सही बघून लोक उगाच शंका घेतील.

भात्यावाला:
पेटीचा उल्लेख केल्याबद्दल आभार. खवटना अजून उत्तर दिलेलं नाही, रात्री सविस्तर लिहितो.

न्यूजर्सीची मावशी:
सोल्डरिंगवाले, तुमच्याकडे आलेल्या त्या क्लॅव्हिओलिनचं पुढे काय झालं?

सोल्डरिंगवाला:
कपॅसिटर बदलले, सूर जागेवर आला, मालक रिक्षात घालून घेऊन गेला. दोन व्हॉल्व्हचे आणि मजुरीचे मिळून दीडशे रुपये 'पुढच्या कार्यक्रमानंतर देतो' म्हणाला. पावतीबुकात त्याची स्थळप्रत अजून आहे.